पाहुणा, लेकरू आणि चोर : शिंपल्याच्या आरोग्याचा दोनशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/
बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके समुद्रापासून बरेच दूर आहेत. तरीही आज इथल्या एखाद्या घरात काचेच्या टाकीत मीठ मोजून छोटा समुद्र तयार करता येतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर जगभरच्या शौकिनांनी पाळलेले निळे-जांभळे महाकाय शिंपले पाहता येतात. ते पाहताना एक साधा प्रश्न पडतो. हा प्राणी निरोगी कसा राहतो, आणि त्याला पोखरणारा परजीवी ओळखायचा कसा? या प्रश्नाच्या उत्तराला विज्ञानात दीर्घ इतिहास आहे. त्या इतिहासाचे एक पान मुंबई विद्यापीठात उघडते आणि दुसरे आपल्या भीमा-नीरेच्या गाळात.

२/
प्रथम नावाविषयी. या प्राण्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव ‘ट्रायडॅक्ना’. मूळ ग्रीक अर्थ ‘तीन घासांचा’. पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की, अलेक्झांडरच्या मोहिमेविषयी लिहिणाऱ्यांनी हिंदी समुद्रात फूटभर लांबीची कालवे असल्याची नोंद केली होती. आणि इतके मोठे कालव खायला तीन घास लागतात म्हणून कुणा खवय्याने त्याला हे नाव दिले. १७९७ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्रुगिएर याने तेच नाव महाकाय शिंपल्यांच्या कुळाला दिले. १७९७ हे साल लक्षात ठेवावे; याच वर्षी शिंपल्यांच्या इतिहासात आणखी एक नामकरण झाले आणि ते चुकले. त्याकडे पुढे येऊ.

३/
या कुळातील सर्वांत मोठी जात, ट्रायडॅक्ना गिगास, सव्वा मीटरपर्यंत वाढते आणि तिचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत लिहिणारा अँतोनियो पिगाफेत्ता १५२१ साली बोर्निओच्या परिसरात होता. तिथे सापडलेल्या दोन शिंपल्यांपैकी एकाचे नुसते मांस २६ पौंड आणि दुसऱ्याचे ४४ पौंड भरल्याचे त्याने नोंदवले आहे. पुढे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याला अशा शिंपल्याची दोन पुटे भेट दिली. आज ती पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमध्ये पवित्र जल ठेवण्याची पात्रे म्हणून पाहायला मिळतात.

४/
आकार मोठा म्हटल्यावर दंतकथा आल्याच. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवणारा ‘नरभक्षक शिंपला’ विसाव्या शतकातील साहसकथांत आणि चित्रपटांत वारंवार दिसतो. वास्तव वेगळे आहे. हा प्राणी आपली पुटे सावकाश मिटतो, आणि पूर्ण वाढलेल्या गिगासला तर ती घट्ट मिटताही येत नाहीत. माणसाने मात्र त्याला पोटभर खाल्ले आहे.

५/
खरे कोडे त्याच्या आकाराचे होते. आपल्या परिचयाचे शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण खातात. प्रवाळभित्तीभोवतीचे पाणी नितळ असते, म्हणजेच त्यात अन्नकण फार थोडे असतात. मग तिथे हा प्राणी एवढा वाढतो कसा? आणि बाकीचे अनेक शिंपले वाळूत, चिखलात तोंड लपवत असताना हा आपला रंगीत प्रावार, म्हणजे शिंपांच्या आतले मांसल अस्तर, उन्हाकडे पसरून का बसतो?

६/
उत्तराची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. अनेक सागरी प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर गोल पेशी दिसत. त्या प्राण्याच्याच आहेत, असा समज होता. १८७१ मध्ये सिएन्कोव्स्की या शास्त्रज्ञाने सुचवले की त्या स्वतंत्र वनस्पती असाव्यात. १८८१ मध्ये जर्मनीच्या कार्ल ब्रांट याने त्यांना ‘झूक्सँथेला’ हे नाव दिले. याच दशकाच्या अखेरीस महाकाय शिंपल्याच्या प्रावारातही अशाच पेशी असल्याचे प्रसिद्ध झाले.

७/
१८८२ साली एका तरुण स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने याच विषयावर ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. प्राण्याच्या शरीरातील या शैवलाला त्याने ‘फिलोझून’, म्हणजे ‘प्राणिमित्र’, असे नाव सुचवले. शैवल उन्हात प्राणवायू आणि अन्न तयार करते, प्राणी त्याला निवारा आणि आपले टाकाऊ पदार्थ देतो, आणि दोघांचाही निर्वाह चालतो, असे त्याचे प्रतिपादन होते. या लेखकाचे नाव पॅट्रिक गेडिस.

८/
त्या काळाची हवा लक्षात घेतली तर या विधानाचे मोल कळते. १८८० मध्ये लाव्हरानने माणसाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. शरीरात परका जीव सापडला की तो रोगाचे कारण, हे समीकरण रुजण्याचा हा काळ. त्याच वर्षी गेडिस सांगत होता की शरीरातला प्रत्येक परका शत्रू नसतो. एखादा पाहुणा असतो, आणि त्याला हाकलले तर यजमानच मरतो.

९/
दृष्टीच्या त्रासामुळे गेडिसला सूक्ष्मदर्शकाचे काम मर्यादित करावे लागले आणि हळूहळू तो नगररचनेकडे वळला. १९१४ मध्ये तो भारतात आला. अनेक भारतीय शहरांचे अहवाल त्याने लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापक हाच पॅट्रिक गेडिस. १९२४ पर्यंत तो त्या पदावर होता.

१०/
त्याच्या भारतीय अहवालांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. हिवताप पसरतो म्हणून गावातली तळी बुजवावीत, असा त्या काळच्या आरोग्य खात्यांचा आग्रह असे. गेडिसचा त्याला विरोध होता. तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा. डासांच्या अळ्या ते खातील आणि तळेही जिवंत राहील, असे तो सांगे. परजीवी घालवण्यासाठी पाणीच मारून टाकू नये, हा विचार पुढे काचेच्या टाकीलाही लागू पडणार होता.

११/
मराठी वाचकांसाठी एक जोडकथा. गेडिसने उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्याकरिता निवडलेला विद्यार्थी म्हणजे मालवणात १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजमध्ये त्यांचे मार्गदर्शक रिव्हर्स १९२२ मध्ये निवर्तले आणि प्रबंध ए. सी. हॅडन यांच्याकडे पूर्ण झाला. हे हॅडनही मूळचे सागरी प्राणिशास्त्रज्ञ. १८८८ मध्ये ते टॉरेस सामुद्रधुनीत गेले ते प्रवाळांच्या अभ्यासासाठी, आणि परतले ते तिथल्या माणसांविषयीचे कुतूहल घेऊन. भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या या मालवणी विद्वानाचे दोन गुरू असे समुद्राच्या तळाकडून समाजाकडे आलेले होते.

१२/
आता पुन्हा शिंपल्याकडे. १९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर राहिली. नेता होता सी. एम. यंग. महाकाय शिंपल्याचा सविस्तर अभ्यास करून १९३६ मध्ये त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा प्राणी आपल्या प्रावारात शैवलाची शेती करतो, असे त्याचे म्हणणे. शेतकरी जसे पीक कापतो तसा शिंपलाही आपले शैवल पचवून टाकतो, असे त्याला वाटले.

१३/
शेतीची कल्पना टिकली, कापणीची मात्र दुरुस्त करावी लागली. पुढील संशोधनातून दिसले की जिवंत शैवल आपण बनवलेली साखर शिंपल्याला सतत देत राहते. १९९२ मध्ये हेही स्पष्ट झाले की हे शैवल जठरापासून निघून प्रावारात फांद्यांप्रमाणे पसरलेल्या सूक्ष्म नलिकांत राहते. पीक कापण्यापेक्षा दुभते जनावर सांभाळण्याची उपमा इथे अधिक शोभावी.

१४/
टाकीत शिंपला पाळणाऱ्यासाठी याचा अर्थ थेट आहे. त्याचा पहिला आहार म्हणजे प्रकाश. दिवा अपुरा असेल तर पाहुणा उपाशी, आणि पाहुण्यामागोमाग यजमानही. प्रावाराचा रंग फिका पडत पांढरा होऊ लागला, तर पाहुणा घर सोडून जात आहे असे समजावे. त्याखेरीज शिंपा वाढवण्यासाठी पाण्यातील कॅल्शियम आणि क्षारता स्थिर लागते, तापमानात एकाएकी चढउतार चालत नाही. अगदी निर्जंतुक, नायट्रोजनविरहित पाणीही त्याला मानवत नाही, कारण शैवलाला त्या खताची गरज असते.

१५/
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सागरी टाकीचे शास्त्र याच्या नेमके उलट होते. प्रवाळ ब्लीचमध्ये धुऊन पांढरेशुभ्र करून ठेवायचे, वाळू सतत धुवायची, आणि माशांवर परजीवी दिसले की पाण्यात तांब्याचे क्षार घालायचे. माशांचे परजीवी तांब्याने मरतात हे खरे. परंतु तेच तांबे शिंपले, प्रवाळ, झिंगे यांच्यासाठी विष आहे. आजही शिंपल्याच्या टाकीत माशांसाठीचे तांबेयुक्त औषध टाकणे ही सर्वांत घातक चुकांपैकी एक मानली जाते. आजारी मासा बाहेर काढून वेगळ्या टाकीतच त्याच्यावर उपचार करायचे असतात.

१६/
या निर्जंतुक परंपरेला पहिला मोठा धक्का आशियातून बसला. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली ‘निसर्गाची पद्धत’ मांडली. समुद्रातले जिवंत दगड, त्यांवरील असंख्य सूक्ष्म जीवांसह, टाकीत ठेवायचे. पाण्यात हवेचे मंद बुडबुडे आणि वर सूर्यप्रकाश. त्यांच्या टाक्यांत प्रवाळ जगत. पाश्चात्त्य शौकिनांनी या पद्धतीला पूर्णपणे मान्यता देण्यास आणखी दोन दशके घेतली. जिवंत दगड आज अनेक प्रवाळटाक्यांचा पाया आहे.

१७/
त्याच दशकांत समुद्रात वेगळीच शोकांतिका घडत होती. शिंपा मिटणाऱ्या स्नायूला पूर्व आशियात मोठी मागणी होती आणि दूरवरून येणाऱ्या नौकांनी प्रशांत महासागरातील अनेक भित्ती रिकाम्या केल्या. १९८५ पर्यंत सर्व महाकाय शिंपले ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. पलाऊ, ऑस्ट्रेलिया आणि सॉलोमन बेटांवर त्यांची पैदास करणारी केंद्रे उभी राहिली. घरगुती टाक्यांत पोचणारे छोटे शिंपले पुढे बऱ्याच अंशी अशा पैदाशीतूनच येऊ लागले.

१८/
पैदास केंद्रात हजारो पिल्ले शेजारी शेजारी वाढू लागली आणि तेव्हाच चोर सापडला. पिरॅमिडेलिड कुळातील गोगलगायी. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, पांढरट. दिवसा त्या शिंपांच्या खवल्यांआड किंवा तळाच्या कडेला दडतात. रात्री वर येऊन सुईसारखी सोंड प्रावारात खुपसतात आणि रस शोषतात. खुल्या समुद्रात त्यांना खाणारे पुष्कळ असतात. केंद्रात आणि टाकीत खाणारे नसतात, म्हणून त्यांची संख्या भराभर वाढते. मोठा शिंपला काही काळ तग धरतो, लहानग्याला मात्र काही डझन गोगलगायी पुरेशा होतात.

१९/
यावरचा उपाय जुनाच, श्रमाचा आहे. नवा शिंपला आणला की तो काही आठवडे वेगळ्या, वाळूविरहित टाकीत ठेवायचा. दिवे मालवल्यावर तास-दोन तासांनी विजेरी घेऊन कडा तपासायच्या. शिंपा मऊ ब्रशने घासायच्या, गोगलगायी चिमट्याने वेचायच्या, आणि खवल्यांत चिकटलेले त्यांच्या अंड्यांचे पारदर्शक, जेलीसारखे पुंजके खरवडायचे. अंडी पुढेही फुटत राहतात, म्हणून हे काम एका रात्रीत संपत नाही. शिंपला ज्या तंतूंनी दगडाला चिकटतो ते मात्र ओढून तोडायचे नाहीत. ती जखम चोरापेक्षा जीवघेणी ठरू शकते. काही शौकीन गोगलगायी टिपणारे रॅस जातीचे मासे टाकीत सोडतात. गेडिसची बदके इथे वेगळ्या रूपात भेटतात.

२०/
आता भारतीय वाचकाने अवश्य जाणून घ्यावी अशी बाब. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या भित्तींवर महाकाय शिंपले आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस या जातींचा समावेश झाला. प्रवाळही त्याच संरक्षणाखाली आले. वाघाला असलेले कायद्याचे कवच या प्राण्यांनाही आहे. आपल्या समुद्रातून उचललेला असा शिंपला घरात ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे.

२१/
मग पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इतिहासप्रेमीने शिंपला पाहायचा कुठे? नदीत. भीमा इंदापूरच्या कडेने वाहते, कऱ्हा बारामतीतून जाऊन नीरेला मिळते, आणि नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेत विलीन होते. दख्खनच्या अशा नद्यांच्या आणि तळ्यांच्या गाळात लॅमेलिडेन्स वंशाचे गोड्या पाण्यातील शिंपले राहतात. बाहेरून काळपट, आतून मोतिया चमकेचे. रंगीत प्रावार नाही, पाहुणा शैवलही नाही. पण त्यांच्या वाट्याला शिंपल्यांच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय गैरसमज आला.

२२/
१६९५ च्या सुमारास लेव्हेनहुक याने नदीतल्या शिंपल्याच्या कल्ल्यांत हजारो सूक्ष्म पिल्ले पाहिली आणि ती शिंपल्याचीच संतती आहे असे मानले. पण १७९७ साली, म्हणजे ट्रायडॅक्नाच्या नामकरणाच्याच वर्षी, येन्स राथके या शास्त्रज्ञाने त्यांना परका जीव ठरवले. त्यांचे इवलेसे शिंप आणि त्यांवरील आकडे पाहून हे शिंपल्याला पोखरणारे परजीवी आहेत असा त्याचा निष्कर्ष होता. त्याने त्यांना नाव दिले ‘ग्लोकिडियम पॅरासिटिकम’. आईच्या कुशीतले लेकरू चोर ठरले.

२३/
हा वाद अनेक दशके चालला. १८३२ मध्ये जर्मनीच्या कारुसने ती शिंपल्याचीच पिल्ले असल्याचे दाखवून दिले. १८६६ मध्ये लायडिग याला तीच पिल्ले माशाच्या अंगावर चिकटलेली आढळली आणि कथा पूर्ण उलटली. आईच्या कल्ल्यांत वाढलेले हे डिंभ पाण्यात सोडले जातात, जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात, काही दिवस वा आठवडे त्याच्या अंगावर राहून रूपांतरित होतात आणि मग गळून तळाशी आपला संसार मांडतात. ‘पॅरासिटिकम’ हे नाव अर्धे खरे होते. लेकरू परजीवीच होते, पण आईचे नव्हे, माशाचे. आजही या पिल्लांना ग्लोकिडियम हेच नाव आहे.

२४/
म्हणून गोड्या पाण्यातील शिंपल्याचे आरोग्य तपासायचे तर आधी मासे पाहावे लागतात. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची. मुंबई सरकारच्या नोकरीत असताना त्याने भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांतील मासे गोळा केले आणि १८३८ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांचे वर्णन सादर केले. अनेक जातींना त्याने इथल्या लोकांच्याच तोंडची नावे दिली. त्यामुळे नुक्ता, कोलुस, मुसुल्ला, टाक्री ही नावे आज लॅटिन वेशात जगभरच्या ग्रंथांत आहेत.

२५/
साइक्सने पाहिलेली भीमा वाहती होती. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याची एक बाजू जलाशयाकाठची झाली. पळसदेवचे जुने मंदिर तेव्हापासून पाणी ओसरले की दर्शन देते. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकी तिलापिया इथे ‘चिलापी’ झाला आणि भिगवणच्या बाजारात स्थिरावला. हजारो कुटुंबांचे पोट त्यावर आणि जलाशयावर चालते, हे विसरता कामा नये. परंतु शिंपल्याच्या पिल्लाला कोणताही मासा चालत नाही. बहुतेक जातींना ठरावीक यजमान लागतात. जगातील अनेक नद्यांत असे दिसले आहे की यजमान मासे हटले तरी म्हातारे शिंपले वर्षानुवर्षे जगत राहतात. वरून सारे ठीक दिसते, पण तळाशी एकही नवे पिल्लू नसते.

२६/
तीन प्राणी, तीन ओळखी. महाकाय शिंपल्यातले शैवल पाहुणा होते, नदीच्या शिंपल्यातले ग्लोकिडियम लेकरू होते, आणि खवल्याआडची पांढरी गोगलगाय चोर होती. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच परकी वाटली असती. पाहुण्याला हाकलले तर शिंपला उपाशी मरतो, लेकराला मारले तर वंश संपतो, आणि चोराला सोडले तर घर लुटले जाते. टाकी असो, तळे असो वा धरण, पाणी निरोगी ठेवण्याचे काम ओळख पटवण्यापासून सुरू होते. सरसकट औषध ओतणाऱ्याला ते साधत नाही.

२७/
उन्हाळ्यात भीमा-नीरेचे पात्र उघडे पडते तेव्हा काठावरच्या शिंपा पाहा. मोठ्या किती आणि बोटाच्या पेराएवढ्या किती, हे मोजून लिहून ठेवा. जिवंत शिंपला सापडला तर तो होता तिथेच पाण्यात परत ठेवा. आणि तुमच्या गावात त्याला काय म्हणतात, घरातल्या आजी-आजोबांना कोणकोणत्या माशांची नावे आठवतात, हे खाली अवश्य लिहा. साइक्सची यादी जवळजवळ दोनशे वर्षांची झाली. तिच्यापुढची पाने आता तुम्ही लिहायची आहेत.

धागा समाप्त.